नायकाची कबुली
(करंजाडे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



करंजाड्याहून पळस्प्याच्या पलीकडे गेले की शिरढोण लागते. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले, हे या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांच्या बंडाची कथा वर्गात रंगते. त्यांनी हाती लेखणी घेतली ती कथा मात्र क्वचितच निघते. आणि शाळा सांभाळणाऱ्यांच्या उपयोगाची तीच अधिक आहे.

फडके पुण्यास लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी म्हणून नावारूपास आलेल्या संस्थेच्या संस्थापकांतही त्यांची गणना होते. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी खेडोपाडीची अन्नान्नदशा पाहिली. पुण्यात व्याख्याने दिली. लोक ऐकावयास जमले, पाठीशी उभे राहावयास फारसे कोणी आले नाही. अखेर रामोशी सोबती घेऊन फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी धामारीवर पहिला छापा घातला.

दोन महिन्यांतच, एप्रिलमध्ये, ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री पोहोचले. शरीर थकले होते, मन खचले होते; देह तेथेच ठेवावा असा विचार होता. त्या अवस्थेत त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. द्रव्य पुरेसे जमले नाही, माणसे हाताशी राहिली नाहीत, सोबत्यांची दृष्टी लुटीच्या वाट्यावर आणि आपली स्वराज्यावर, हे अंतर आपल्याला मिटविता आले नाही, असे त्यांनी झाकून न ठेवता लिहिले आणि देशबांधवांची क्षमा मागितली. (सोबत्यांनाच दोष देणे बरे नव्हे. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला आधी धान्यच दिसणार.)

ही कबुली टाळ्यांसाठी नव्हती. समोर श्रोता नव्हता, शाबासकी देणारे कोणी नव्हते. तिने त्यांचे नुकसानच केले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि पुण्याच्या खटल्यात त्यांच्याच हातचे लिखाण त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आले. जन्मठेप झाली, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

पण लिहून ते स्वस्थ बसले नव्हते, हेही ध्यानी घ्यावे. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी याच पळस्प्यावर छापा घातला आणि परतीच्या वाटेवर ते गोळीस बळी पडले. एवढा मोठा आधार तुटल्यावरही फडके निजामाच्या मुलखात रोहिल्यांची भरती करण्याच्या खटपटीस लागले. रडगाणे आणि कबुली यांत भेद आहे तो येथे दिसतो. रडगाणे गाणारा कामावरून उठतो. फडके कामावर परतले.

मुख्याध्यापकाच्या वाट्यास एवढे भीषण प्रसंग येत नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र त्याची परीक्षा असते. तिसरीतील काही मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत, हे त्याला पुरते माहीत असते. प्रगतीच्या तक्त्यात ती मुले वाचणारी म्हणून दाखविली, तर तपासणी सुखाने पार पडते आणि ती मुले तशीच चौथीत जातात. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण कागदावर त्यांना वाचता येते. खरे लिहिले तर शेरा बसेल, कदाचित चारचौघांत बोलणेही ऐकावे लागेल. सहायक शिक्षक हे सारे पाहत असतात. वरिष्ठाने स्वतःच्या वर्गाचे उणे आधी मांडले, तर तेही आपल्या वर्गाचे उणे सांगू लागतात; त्याने झाकले, तर तेही झाकावयास शिकतात. अर्थात खरे सांगणाऱ्यालाच शिक्षा देणाऱ्या तपासनिसाने खऱ्या तक्त्यांची अपेक्षा करू नये.

१७ फेब्रुवारीस मुलांना शौर्याच्या कथेबरोबर श्रीशैलची हकीकतही सांगावी. एखादे मूल विचारील, “एवढा शूर माणूस आपण हरलो असे स्वतःच कसे लिहील, गुरुजी?” तेव्हा उत्तर देण्याची घाई करू नये, आधी वर्गातील इतर मुलांना बोलू द्यावे.