मूत्रपिंडावाचून युरिया



युरियाचे पोते न पाहिलेला शेतकरी आज शोधून सापडायचा नाही. हल्ली ते ४५ किलोचे येते आणि आतल्या पांढऱ्या मण्यांवर कडुनिंबाच्या तेलाचा हात फिरवलेला असतो. या मण्यांना युरिया हे नाव कशावरून पडले, असे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ते मूत्रावरून पडले आहे. माणसाच्या, गाईच्या, कुत्र्याच्या मूत्रात हा पदार्थ असतो, आणि अठराव्या शतकातच रसायनज्ञांनी मूत्र आटवून तो वेगळा काढला होता. गोठ्यातली भिजलेली माती आपले वाडवडील शेतात नेऊन टाकीत, त्या मातीचा कस बराचसा याच पदार्थाचा.

आज तुम्हांला याच युरियाची १८२८ सालची हकीकत सांगायची आहे. शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते. व्होलरने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि जीवशक्तीचा सिद्धान्त कोसळला, संपले! शिक्षक मंडळींनी हे वाक्य फळ्यावर लिहिलेही असेल. ते अगदी खोटे नाही, पण फार घाईचे आहे. खरे घडले ते सावकाश घडले, आणि माझ्या मते म्हणूनच ते मुलांना सांगण्यासारखे आहे.

त्या काळी पदार्थांची दोन घराणी मानीत. मीठ, चुना, तुरटी, लोखंडाचा गंज ही एका घराण्यातली मंडळी. साखर, तेल, नीळ, मूत्रातला युरिया ही दुसऱ्या घराण्यातली. हे दुसरे पदार्थ झाडाच्या किंवा प्राण्याच्या देहातच घडतात, तेथे एक जीवशक्ती काम करते, माणसाने भट्टी कितीही पेटवली तरी ते त्याच्या हातून होणे नाही, असा बऱ्याच विद्वानांचा समज होता. या समजाला हसू नका बरे. साखर जाळून कोळसा कोणीही करील. कोळशाची साखर करून दाखवा म्हटले, तर तेव्हा ते कोणालाही जमत नव्हते.

फ्रीड्रिख व्होलर हा जर्मन गृहस्थ १८०० साली फ्रँकफुर्टजवळच्या एका खेड्यात जन्मला. शिकला वैद्यकी. १८२३ साली डॉक्टरही झाला, पण गुरूच्या सांगण्यावरून रसायनाकडे वळला आणि स्वीडनमध्ये स्टॉकहोमला बर्झीलियस या थोर रसायनज्ञापाशी वर्षभर राहिला. १८२४ साली त्याने सायनोजेन नावाच्या विषारी वायूवर अमोनियाच्या पाण्याची क्रिया केली. त्यातून दोन पदार्थ निघाले. एक ऑक्झॅलिक आम्ल. आपल्या आंबट चुक्याच्या भाजीत असते ते हेच. म्हणजे वनस्पतीच्या देहातला एक पदार्थ त्याच्या भांड्यात त्याच वर्षी तयार झाला होता! पण त्याचा गाजावाजा झाला नाही. दुसरा पदार्थ म्हणजे थोडे पांढरे स्फटिक. ते कशाचे, हे काही उमगेना.

ते स्फटिक त्याने विसरून टाकले नाहीत. चार वर्षांनी, बर्लिनच्या एका उद्योगशाळेत शिकवीत असताना, तो पुन्हा त्यांच्यामागे लागला. त्याला करायचे होते अमोनियम सायनेट नावाचे क्षार. चांदीच्या सायनेटमध्ये नवसागर मिसळून पाहिला, शिशाच्या सायनेटवर अमोनिया घालून पाहिला. गाळून, आटवून प्रत्येक वेळी तेच पांढरे स्फटिक मिळत. आता, अमोनियाच्या कोणत्याही क्षारात दाहक अल्कली घातली की नाकात झोंबणारा अमोनियाचा वास सुटला पाहिजे. नवसागरात चुना कालवून पाहिलेल्यांना हा वास ठाऊक असेल. या स्फटिकांना तो वास येईना. सायनेटच्या खुणाही पटेनात. हवे होते ते क्षार मिळाले नाही, हे उघड होते. दुसरा एखादा ‘प्रयोग फसला’ म्हणून भांडे धुऊन मोकळा झाला असता.

व्होलरने त्या स्फटिकांवर नायट्रिक आम्ल घातले, तो चकचकीत खवले तयार झाले. वैद्यकी शिकलेल्या माणसाला ते खवले ओळखीचे होते. मूत्रातला युरिया नायट्रिक आम्लाशी अगदी असाच वागतो. मग त्याने मूत्रातून काढलेला शुद्ध युरिया एका बाजूला आणि आपले स्फटिक दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक परीक्षा दोन्हींवर केली. कोठेही फरक पडेना. इंग्लंडमधल्या प्राउटने युरियाचे पृथक्करण करून आधीच आकडे दिले होते. तेही जुळले.

फेब्रुवारी १८२८ मध्ये त्याने आपल्या गुरूला पत्र लिहिले. मला आता युरिया करायला माणसाचे वा कुत्र्याचे मूत्रपिंड लागत नाही, असा त्याचा आशय होता. पण त्याच पत्रात त्याने स्वतःच एक शंका काढली आहे, आणि ही शंका पुस्तकांत येत नाही. सायनेट करायला जो माल लागे, तो त्या वेळी जनावरांची शिंगे, खूर, रक्त असला ऐवज जाळून काढीत. तेव्हा कोणी म्हणू शकेल की जीवशक्तीचा काही अंश त्या मालातूनच आला असेल! छापलेला निबंध अवघा चार पानांचा आहे. त्यात निर्जीव द्रव्यांपासून प्राणिज पदार्थ झाल्याचे हे लक्षात घेण्याजोगे उदाहरण आहे, एवढेच तो म्हणतो. जीवशक्ती मेली, अशी आरोळी त्यात नाही.

आणि ती मेलीही नव्हती. १८४५ साली कोल्बेने साध्या मूलद्रव्यांपासून पायरीपायरीने व्हिनेगारमधले आम्ल बनवले, पुढे फ्रान्समध्ये बर्तलोने असे कितीतरी पदार्थ केले, तेव्हा कोठे दोन घराण्यांमधली भिंत खचत गेली. एका माणसाने एका सकाळी ती पाडली, असे काही झाले नाही.

खुद्द व्होलरला दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटत होते. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत कार्बनचा एक, प्राणवायूचा एक, नत्राचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू. माल तोच, माप तेच, आणि पदार्थ दोन! ‘रस’ आणि ‘सर’ या शब्दांत अक्षरे तीच आहेत, पण क्रम बदलला की उसाच्या जागी दागिना येतो. तसेच हे.

असा प्रकार त्याने पूर्वी एकदा अनुभवला होता. त्याने चांदीचे सायनेट तपासले होते. ते शांत असते. युस्टस लीबिग नावाच्या दुसऱ्या जर्मन तरुणाने चांदीचे फुलमिनेट तपासले होते. ते घर्षणानेही भडकते. दोघांचे आकडे एकच आले. लीबिग स्वभावाने तापट. व्होलरचे पृथक्करण चुकले, असे त्याने सांगून टाकले. पुढे स्वतः नीट शुद्ध केलेला माल घेऊन पाहिले तेव्हा व्होलर बरोबर निघाला, आणि त्याने ते मान्य केले. १८३० साली बर्झीलियसने अशा जोड्यांना नाव दिले. आपण त्यांना समघटक म्हणतो. भांडणातून सुरू झालेली त्या दोघांची मैत्री जन्मभर टिकली. १८३२ साली व्होलरची तरुण पत्नी वारली, तेव्हा लीबिगने त्याला आपल्या गीसेनच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतले आणि कामाला लावले. कडू बदामाच्या तेलावर त्या दिवसांत दोघांनी मिळून केलेले संशोधन रसायनशास्त्रात आजही नावाजले जाते.

हाच लीबिग पुढे शेतीकडे वळला. १८४० साली त्याने शेतीच्या रसायनावर ग्रंथ लिहिला आणि पिकाला मातीतून खनिजे लागतात, हे ठासून सांगितले. मग स्वतःचे खत बाजारात आणले, आणि ते साफ फसले! पावसाने धुपू नये म्हणून त्याने ते पाण्यात न विरघळेल असे केले होते. मग मुळांना ते मिळावे कसे? शिवाय नत्र पिकाला हवेतून आणि पावसातून पुरेसा मिळतो, अशी त्याची समजूत होती. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे लॉझ आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाचे पट्टे पेरून दाखवले की खतातून नत्र दिला नाही तर पीक घटते. म्हणजे गंमत पाहा. नत्राने भरलेला पदार्थ ज्याच्या जिवलग मित्राने भांड्यात केला, त्यालाच खतातला नत्र फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

तो पदार्थ शेतात यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. चांदीचे सायनेट घेऊन खत करणे कोणाला परवडणार? विसाव्या शतकाच्या आरंभी हाबर आणि बॉश यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया केला, आणि १९२२ साली जर्मनीत अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड मोठ्या दाबाखाली एकत्र करून कारखान्यात युरिया निघू लागला. आपल्याकडे अलिबागजवळ थळच्या कारखान्यातही याच दोन वायूंपासून तो बनतो. पोत्यावर नत्र ४६ टक्के लिहिलेला असतो, तो आकडा वर्गातच काढता येईल. कार्बन १२, प्राणवायू १६, नत्र २८, हायड्रोजन ४, मिळून ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे शेकडा सुमारे ४६. या हिशेबाने एका पोत्यात नत्र भरतो २० किलो ७०० ग्रॅम.

एवढा नत्र पोत्यात असला, तरी तो सगळा पिकाला मिळतोच असे नाही. ओल्या मातीतले सूक्ष्म जीव युरिएज नावाच्या द्रव्याने युरिया फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. मातीआड असला तर ती त्याला धरून ठेवते. वर उघडा पडला तर त्यातला बराच हवेत उडतो. म्हणून युरिया फेकून तसाच ठेवू नये, कोळप्याने मातीआड करावा, किंवा लगेच हलके पाणी द्यावे.

हे युरिएज काही बियांतही असते. अबईच्या जातीच्या एका शेंगेतल्या दाण्यांतून ते १९२६ साली शुद्ध स्फटिकरूपात काढले गेले. आपल्या सोयाबीनमध्येही ते आहे. शिक्षकांनी दोन पेल्यांत चमचाभर युरिया पाण्यात विरघळवावा. एकात कच्च्या सोयाबीनचे पीठ घालावे, दुसऱ्यात अर्धा तास उकळलेल्या सोयाबीनचे वाटण. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टीपकागद किंचित ओला करून दोन्ही पेल्यांच्या झाकणांना आतून चिकटवावा आणि पेले झाकून उन्हात ठेवावेत. थोड्या वेळाने पहिले झाकण उघडले की नवसागर-चुन्याचा तोच वास येतो, आणि कागद तांबूस झालेला दिसतो. दुसऱ्या पेल्यातला पिवळाच राहतो. उकळल्याने युरिएज निकामी झालेले असते, पण हे मुलांना आधी सांगू नका. कागद पाहून ती विचारतील, तेव्हा सांगा.