साताऱ्यात पाणी शंभरला उकळत नाही

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू तिकडे कॅलिफोर्नियात जुनी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवतोस म्हणे. त्यावर दहा मिनिटं बोल." आधी खुलासा करतो. मी शर्यत लावत नाही. तिकडे 'ट्रॅक डे' असतो. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर पळवायची. समोरून एसटी येत नाही, मध्येच म्हैस आडवी येत नाही. नंबर नाही, बक्षीस नाही. म्हणजे शाळेत माझं जे चाललं होतं, तेच पुढे चालू आहे.

गाडीचं नाव माझदा मियाता. दोन माणसांची, कापडी टपाची, बुटकी गाडी. दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर काढते. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात ही पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि 2016 मध्ये कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. माझी 1992ची. इंजिन फक्त 1.6 लिटरचं, ताकद 116 हॉर्सपॉवर. पण वजन एक टनाच्या आत आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं. ती बनवणाऱ्या जपानी लोकांचा एक शब्द आहे, 'जिन्बा इत्ताई'. घोडा आणि स्वार एकजीव. आपल्याकडे त्याला सरळ 'मांड बसणे' म्हणतात.

माझी मांड काही लवकर बसली नाही. 2013 साली गाडी घेतली आणि नवशिके करतात तेच केलं, आधी इंजिनाच्या मागे लागलो. हवेचा फिल्टर बदलला, सायलेन्सर बदलला. आवाज दुप्पट झाला, ताकद होती तेवढीच राहिली. मग टर्बो बसवला. आता ताकद दीडपट झाली. ब्रेक मात्र तेच, आणि ब्रेकमधलं ऑइलही तेच.

ट्रॅकवर जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. चाकांचे नट आवळले का, ब्रेक पॅड किती उरले, ब्रेक ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललं का. आदल्या रात्री गॅरेजमध्ये माझी चौदा वर्षांची मुलगी फॉर्म घेऊन बसली होती. ती एकेक ओळ वाचायची, मी गाडीखालून उत्तर द्यायचो. "ब्रेक ऑइल?" तिने विचारलं. मी ते बदललं नव्हतं. दहा वाजले होते, भूक लागली होती. मी म्हटलं, "हो, हो, कर टिक."

दुसऱ्या दिवशी आम्ही लगुना सेका ट्रॅकवर होतो. मॉन्टेरेजवळच्या डोंगरात 3.6 किलोमीटरचा ट्रॅक आहे, 11 वळणं. सुरुवातीची सरळ धाव संपली की रस्ता एका उंचवट्यावरून खाली जातो आणि समोर डावीकडे जवळजवळ उलटं फिरवणारं दुसरं वळण येतं. तिथे जोरात ब्रेक लावावा लागतो. सकाळच्या दोन फेऱ्या-सत्रं झकास गेली. दुपारी पेडल जरा मऊ लागायला लागलं, स्पंजासारखं. मी दुर्लक्ष केलं. त्याच्या पुढच्याच फेरीत त्या वळणापाशी पाय दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं.

खालचा गिअर टाकला, पेडल दोन-तीनदा पंप केलं. गाडी वळणं शक्यच नव्हतं. सरळ बाहेरच्या खडीत घुसलो. खडीने चाकं धरली आणि गाडी थांबली. पुढे भिंत वीस-पंचवीस फुटांवर होती.

गाडी ओढून परत आणली तेव्हा मुलगी पांढरीफटक पडून उभी होती. तिने मला लागलं का हे आधी पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मी टिक केली होती. माझं काही चुकलं का?"

मंडळी, त्या भिंतीने मला घाबरवलं नाही एवढं त्या प्रश्नाने घाबरवलं. कारण टिक तिच्या हातची होती, खोटं माझं होतं.

आता समोर बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या बाईंकडे वळतो. बाई, नववीतला पाण्याच्या उत्कलनबिंदूचा प्रयोग तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. मी थर्मामीटरकडे न बघता जर्नलमध्ये 100 लिहिलं, कारण पुस्तकात 100 होतं. माझं बघून बाकावरच्या तिघांनीही तेच लिहिलं. तुम्ही वही हातात घेतलीत आणि विचारलंत, "हा आकडा तू पाहिलास की तुला माहीत होता? अरे, सातारा समुद्रकाठी आहे का? इथे हवेचा दाब कमी. पाणी 97-98लाच उकळतं." आणि चौघांनाही शाळा सुटल्यावर प्रयोग पुन्हा करायला लावलात.

सांगायची गोष्ट अशी, की माझ्या गाडीत जे घडलं ते उकळणंच होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. तिथे चालतं त्या डॉट-3 जातीचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा 140वर येते. टनभर वजनाची गाडी ताशी 160 वेगावरून थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यात साधारण तीन लिटर गार पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकमध्ये जाते, आणि ट्रॅकवर हे दर दीड-दोन मिनिटांत अनेकदा. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल तळाला जातं. वेग दीडपट केला तर ही उष्णता सव्वादोनपट होते, हे आपल्याला दहावीतच शिकवलं होतं. मी ते मार्कांसाठी पाठ केलं होतं.

त्यानंतर टर्बो काढून विकला आणि क्रम उलटा केला. आधी डोक्यामागे रोल बार, म्हणजे उघडी गाडी उलटली तरी मान वाचेल. मग ताजं ऑइल, उष्णता सोसणारे पॅड, चांगले टायर, नवे शॉक अॅब्सॉर्बर, चाकांचं अलाइनमेंट. मोठा रेडिएटर. आणि सगळ्यात शेवटी खर्च चालकावर, म्हणजे शिकवणीवर. खरं तर तो पहिला करायला हवा होता.

शिकवणाऱ्याने मला जे शिकवलं ती आपल्या सरांची भूमितीच होती. वळण बाहेरून घ्यायचं, आत स्पर्श करायचा, पुन्हा बाहेर सोडायचं. का? वर्तुळाची त्रिज्या वाढते. त्रिज्या चौपट झाली की तेवढ्याच पकडीत वेग दुप्पट चालतो. आणि वळणात घाबरून पाय उचलायचा नाही. उचललात की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. त्या ट्रॅकवर 'कॉर्कस्क्रू' नावाची जागा आहे. चढ चढून गेलं की पुढे फक्त आभाळ दिसतं, आणि मग रस्ता डावी-उजवी घेत सुमारे 18 मीटर खाली कोसळतो. तिथे पहिल्यांदा नीट उतरलो तेव्हा यवतेश्वराचा घाट आठवला. तासाच्या भाड्याच्या सायकली, झिजलेले ब्रेक रबर आणि चप्पल घासत थांबणारे आपण. आपण सगळे शाबूत इथे जमलोय, हेच नवल.

आता मुलगी स्वतः ट्रॅकवर गाडी चालवते. आमची एक वही आहे. तारीख, टायरमधली हवा आधी किती, नंतर किती, ब्रेक ऑइल कधी बदललं. नियम एकच, डोळ्यांनी पाहिलेलाच आकडा लिहायचा. मी काही सांगितलं तर ती विचारते, "पाहिलंस की माहीत होतं?" बाई, तुमचा प्रश्न सातासमुद्रापार पोचला आहे.

मित्रांनो, आपण सगळे आता पन्नाशीपार. "साखर कशी आहे?" "ठीक आहे." "बीपी?" "हो, हो, ठीक." सकाळपासून चहाच्या टेबलावर मी अशा बऱ्याच टिका ऐकल्या. पुढच्या मेळाव्याआधी एकदा पाहून घ्या. आणि घरी गेल्यावर आपल्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही विचारा. मेकॅनिकला विचारा, स्वतःला नको.

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत बाई आमच्याबरोबर शेवटपर्यंत थांबल्या होत्या. आम्ही तेव्हा कुरकुर केली. आज, चाळीसेक वर्षांनी, त्या जादा तासाचे आभार मानतो.