झडप बदलल्यानंतर



१८६७ पासून गोरगरिबांची सेवा करणारे ससून रुग्णालय आणि जवानांची हृदये सांभाळणारी लष्कराची कार्डिओथोरॅसिक संस्था ज्या पुण्यात आहे, तिथे या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

स्वागताबरोबर एक मागणेही आहे. हृदयाची झडप बदललेला रुग्ण 'बरा झाला' म्हणून घरी जातो. मग भोर-मुळशीकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल घेऊन तो वर्षानुवर्षे येत राहतो. रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी होते, इको होतो, झडप नीट दिसली की सगळे निर्धास्त. महाधमनी किती रुंदावली, याची नोंद मात्र अनेकदा सापडत नाही.

शंभरात एकदोघांच्या महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. अशांच्या धमनीची भिंतही कच्ची असू शकते, आणि झडप बदलली तरी भिंत तीच राहते. महाधमनी साडेपाच सेंटीमीटरपर्यंत फुगली तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही. क्वचित जुन्या टाक्यांपाशी भिंत फाटून बाहेर रक्ताचा फुगा धरतो. तो उरोस्थीला चिकटलेला असेल, तर छाती पुन्हा उघडताना करवतीखालीच फुटण्याची धास्ती. अशा निवडक रुग्णांत जांघेतून तार नेऊन ते भोक छोट्या चकतीने बुजवता येते, हे केवढे मोठे पाऊल आहे!

१९९० मध्ये ब्यूनस आयर्सला हुआन पारोदींनी पोटातल्या महाधमनीत जांघेतून कापडी नळी बसवली. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात आलाँ क्रिबिए यांनी जांघेतूनच झडप बसवली. पण हृदयालगतच्या महाधमनीत अजून अडचण आहे. खाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडे, वर मेंदूकडे जाणाऱ्या शाखा. नळी टेकवायला जागाच थोडी. तिथे बहुतेकांसाठी आजही उघडी शस्त्रक्रियाच भरवशाची. 'बिनटाक्याचे ऑपरेशन' या जाहिरातींना भुललेल्या नातेवाइकांना हे आपणच समजावले पाहिजे.

म्हणून मागणे असे: झडपेच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर महाधमनीची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि पुढच्या तपासणीची तारीख मराठीत लिहिलेली असावी. त्या कार्डाचा मजकूर याच परिषदेत ठरवा. छपाईचा आणि ते जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचवण्याचा खर्च स्वागत समिती उचलेल.