सिनेमाच्या कार्डावर गाण्याचं रेकॉर्डिंग

घरच्या कॉम्प्युटरला 5.1 साउंड कार्ड असेल, तर ते नुसतं सिनेमापुरतं ठेवू नका. मागच्या हिरव्या, काळ्या आणि नारिंगी जॅकमधून प्रत्येकी दोन, असे सहा स्वतंत्र आवाज बाहेर काढता येतात. हिरव्यातून स्पीकरवर पूर्ण गाणं ऐका. काळ्यातून, छोटा हेडफोन अॅम्प्लिफायर जोडून, गायिकेच्या कानात फक्त तानपुरा आणि ठेका सोडा. तिला सुरात राहायला याचा फार उपयोग होतो. विंडोजवर असे वेगवेगळे आवाज सोडायला ‘एसिओफोरऑल’ हा मोफत ड्रायव्हर चालतो. त्यात 44,100 हर्ट्झला 256 सॅम्पलचा बफर ठेवला, तर बफरचा उशीर जेमतेम 6 मिलिसेकंदांचा. 1024 केलात तर तोच 23 वर जातो आणि स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमधून ऐकत गाणारा अडखळतो. माइकचा मिक्सर कार्डाच्या निळ्या लाइन-इनलाच लावा. आणि रेकॉर्डिंगआधी कार्डाचे ‘हॉल’, ‘स्टेडियम’ हे इफेक्ट आठवणीने बंद करा.