विद्यार्थ्यांची कैफियत



शिक्षकांच्या या जिल्हा अधिवेशनाच्या अध्यक्षस्थानी मला बसवून आपण जो लोभ दाखविलात त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आभाराचे शब्द लांबविण्यापेक्षा, ज्या प्रश्नाने गेली अनेक वर्षे माझे मन व्यापून टाकले आहे तो आपणांपुढे मोकळेपणाने मांडावा, हेच त्या लोभाला अधिक साजेसे होईल, असे मला वाटते.

ज्या नाशिक नगरीत आपण जमलो आहोत तिच्यावर विद्यादानाच्या कार्याचा मोठा संस्कार आहे. 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना करून कर्मवीर रावसाहेब थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुणब्याच्या घरातल्या मुलांना विद्येची वाट मोकळी करून दिली. 1924 पासून हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय येथे उभे आहे. आणि 1989 च्या जुलैत स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने तर ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली अशा प्रौढांसाठीही उच्च शिक्षणाचा मार्ग खुला केला. या संस्थांच्या संस्थापकांची चरित्रे लिहिली गेली, हीरकमहोत्सवी स्मरणिका निघाल्या, इमारतींच्या कोनशिलांवर नावे कोरली गेली, आणि हे सर्व योग्यच झाले. परंतु ज्याच्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या विद्यार्थ्याला ही शाळा, हे महाविद्यालय, हे वसतिगृह आतून कसे दिसले, त्याने तेथे काय मिळविले आणि काय गमावले, याची नोंद आपल्या दप्तरांत जवळजवळ कोठेच सापडत नाही. विद्यार्थ्याची हजेरी आपण ठेवतो, त्याच्या वर्तणुकीवर शेरा मारतो, त्याला दाखला देतो; त्याच्याबद्दल संस्थेने लिहिलेले कागद गाठोडी भरतील एवढे असतात आणि संस्थेबद्दल त्याने लिहिलेला एकही कागद त्या गाठोड्यांत नसतो.

असा कागद महाराष्ट्रात कधी लिहिलाच गेला नाही, असे मात्र नव्हे. 1855 साली पुण्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग आणि महार यांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला आणि जो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तो मी मराठीतील विद्यार्थ्याची पहिली मोठी कैफियत मानतो. पेशवाईत आपल्या लोकांवर काय काय गुजरले, धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता समजावा, हे प्रश्न तिने विचारले आणि आपल्याच पीडित बांधवांना विद्या घेण्याची विनवणीही केली. शाळेने दिलेल्या अक्षरांचा उपयोग तिने शाळेची स्तुती करण्यापुरता केला नाही, तर शाळेत येईपर्यंतचे आणि शाळेबाहेरचे आयुष्य सांगण्यासाठी केला, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. त्या शाळेचा अहवाल कोणी कितीही परिश्रमाने सिद्ध केला असता तरी तिच्या यशाचा याहून सबळ पुरावा त्याला सापडला नसता.

त्यानंतर विद्यार्थ्यांची साक्ष आपल्याला बहुधा आत्मचरित्रांतून, म्हणजे विद्यार्थी वृद्ध झाल्यावर, ऐकू आली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’तील एक प्रसंग आपणांपैकी अनेकांना मुखोद्गत असेल. कोकणातल्या मुरूडहून, भर पावसात, घाटवाटांनी पायपीट करीत हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्याला पोचला. वयाचा दाखला त्याच्याजवळ होता. पण परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला तो अटीप्रमाणे सतरा वर्षांचा दिसला नाही, आणि केवळ दिसला नाही म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले गेले नाही. त्या अधिकाऱ्याच्या लेखी तो एक बाद झालेला उमेदवार होता. आणि त्या मुलाच्या लेखी संपूर्ण शिक्षणखाते त्या एका टेबलाच्या अलीकडे येऊन संपले होते. कर्वे पुढे कर्वे झाले म्हणून ही हकीगत आपल्यापर्यंत पोचली. जे त्याच रस्त्याने परत फिरून पुन्हा कधी शाळेकडे फिरकले नाहीत, त्यांची हकीगत लिहिणार कोण?

मित्रहो, विद्यार्थ्याला संस्था दिसते ती अशीच, एखाद्या टेबलापाशी किंवा खिडकीपाशी. आपण प्राध्यापक मंडळी असे गृहीत धरून चालतो की महाविद्यालय म्हणजे आपले व्याख्यान, आपला अभ्यासक्रम, आपले ग्रंथालय. परंतु पेठ, सुरगाणा, हरसूल या भागांतून पहाटेच्या एसटीने निघालेल्या मुलीचे महाविद्यालय पासाच्या रांगेपासून सुरू होते. बोनाफाईडच्या अर्जावर सही करणारे साहेब आज आहेत की नाहीत, शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणता कागद कमी निघाला, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही, या गोष्टींनी ते घडते. आणि या सर्वांतून पार पडून ती वर्गात येते तेव्हा आपले व्याख्यान सुरू होऊन गेलेले असते. मी ज्या महाविद्यालयात शिकवीत होतो तेथे एका वर्षी अभिप्रायाच्या छापील अर्जाखाली उरलेल्या दोन बोटे जागेत एका मुलीने बारीक अक्षरांत लिहिले होते: ‘वाचनालय पाचला बंद होते आणि माझी गाडी साडेसहाला आहे.’ त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता, विनंतीही नव्हती. वरच्या सगळ्या प्रश्नांना तिने ‘उत्तम’ अशी खूण केलेली होती. आता सांगा, त्या अर्जांची बेरीज करणाऱ्याच्या हाती काय लागले असेल? बेरजेत त्या ‘उत्तम’ खुणा तेवढ्या आल्या, आणि बसस्थानकाच्या बाकावर रोज दीड तास पुस्तकावाचून बसणारी मुलगी बेरजेच्या बाहेर राहिली.

बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, जिला आपण सारे ‘नॅक’ म्हणतो, 2017 पासून आपल्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या सर्वेक्षणाचा अंतर्भाव केला, आणि या तरतुदीचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. कारण विद्यार्थ्यालाही काही विचारले पाहिजे हे तत्त्व तिने मान्य केले. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, शिक्षक तयारी करून येतात काय, मूल्यमापन न्याय्य असते काय, असे पर्यायांचे प्रश्न आणि शेवटी सूचनांसाठी एक मोकळा प्रश्न, अशी त्याची रचना आहे. परंतु त्याची अंमलबजावणी आपल्याकडे कशी होते? विद्यार्थ्यांना आधी सभागृहात बसवून ‘आपल्या महाविद्यालयाची श्रेणी तुमच्या हाती आहे’ असे बजावले जाते. काही ठिकाणी हॉल तिकीट हाती पडण्यापूर्वी अभिप्राय भरून घेतला जातो. आणि ज्या मुलाचे अंतर्गत गुण अद्याप शिक्षकाच्या वहीत आहेत त्याने त्याच शिक्षकाविषयी निर्भयपणे लिहावे, अशी अपेक्षा केली जाते. भयाच्या छायेत दिलेला ‘उत्तम’ हा अभिप्राय नव्हे. शेवटच्या मोकळ्या प्रश्नाची उत्तरे तर सर्वांत मोलाची असतात, कारण तेथे मूल स्वतःच्या शब्दांत बोलते. पण आकड्यांत बसत नाहीत म्हणून तीच सर्वांत कमी वाचली जातात.

ज्याला विचारले जात नाही तो कधी कधी रस्त्यावर येऊन सांगतो. एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात थेट जमा करण्याचे ठरले. ज्यांनी हा निर्णय केला त्यांचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. ठेकेदाराच्या निकृष्ट जेवणाच्या तक्रारी जुन्याच होत्या, आणि मुलाच्या हाती पैसा दिला की त्याला स्वातंत्र्य मिळेल असे कागदावर दिसत होते. त्याच वर्षीच्या जुलैत आदिवासी विद्यार्थी आणि विद्यार्थिनी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, कारण आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या या नाशकातच आहे. सुमारे दोनशे किलोमीटरांची ती वाट. सिन्नर तालुक्यात पोलिसांनी त्यांना अडविले. त्यांचे म्हणणे काय होते? रक्कम वेळेवर जमा होत नाही आणि तोवर पोट थांबत नाही. मुलींना रात्रीच्या जेवणासाठी वसतिगृहाबाहेर पडावे लागते. घरी आजारपण किंवा पेरणी निघाली की त्या खात्यातले पैसे प्रथम घरी जातात आणि मूल अर्धपोटी अभ्यासाला बसते. यातले एकेक वाक्य असे आहे की ते मंत्रालयात बसून कोणालाही सुचले नसते, आणि वसतिगृहात आठ दिवस राहणाऱ्या कोणालाही सुचल्यावाचून राहिले नसते. खानावळ ही शासनाच्या दृष्टीने खर्चाची एक बाब होती. मुलांच्या दृष्टीने ती दिवसाच्या दोन ठरलेल्या वेळा होती, जेव्हा पंगतीत सर्व जण एकत्र बसत आणि कोण आला नाही हे कळत असे. निर्णयापूर्वी या मुलांची कैफियत कोणी लिहून घेतली असती, तर भर पावसाळ्यात अभ्यास सोडून त्यांना चालावे लागले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्याचे प्रत्येक म्हणणे खरे मानावे, असे मी म्हणत नाही. कठोर शिक्षकाविषयी विद्यार्थी आज जे लिहील त्याहून वेगळे तो वीस वर्षांनी लिहील. सोपी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यावर तो आज खूष असेल. अध्यापनाच्या गुणवत्तेचा निवाडा सर्वस्वी त्याच्यावर सोपविता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु वाचनालय किती वाजता बंद होते, कार्यालयात आपल्याला एकेरीत बोलावले जाते काय, आपल्या बोलीवर वर्गात हसतात काय, याविषयी त्याच्याएवढा अधिकारी साक्षीदार दुसरा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती आणि लोकपाल यांची तरतूद केली आहे; पण तक्रार ही फार उशिराची पायरी आहे, आणि आपल्या ग्रामीण मुलांना तक्रारदार म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो. तक्रारीच्या आधीचे जे साधे सांगणे असते त्याला आपल्या व्यवस्थेत जागाच नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्याने एक ठराव मी आपल्या विचारार्थ ठेवीत आहे. प्रत्येक शिक्षणसंस्थेने दरवर्षी, निकाल जाहीर झाल्यावर आणि गुणांचा संबंध संपल्यावर, विद्यार्थ्यांकडून त्यांच्या भाषेत, पर्यायांच्या चौकटींवाचून, निनावी लेखन मागवावे. जे मध्येच शाळा किंवा महाविद्यालय सोडून गेले त्यांच्या गावी जाऊन त्यांचेही म्हणणे लिहून आणावे, कारण त्यांची साक्ष सर्वांत मोलाची आहे. हे कागद रद्दीत न घालता संस्थेच्या कायम दप्तरात ठेवावेत. आणि कोणत्या म्हणण्यावर काय केले, कोणते करता आले नाही व का, याचे उत्तर तीन महिन्यांच्या मुदतीत फलकावर लावावे. खर्च काही नाही. लागेल तो वाचणाऱ्याचा वेळ. मसुदा कार्यवाहांच्या हाती दिला आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेस यावा, त्यात जेथे दुरुस्ती हवी तेथे आपण ती निःसंकोच सुचवावी, आणि त्या चर्चेला, निदान मागच्या बाकांवर का होईना, काही विद्यार्थीही उपस्थित असावेत, अशी माझी आपणांस विनंती आहे.