निबंध वाचला का?

माझ्यामागे दिसतोय तो वाराणसीचा भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला. घाटाला नाव भोसल्यांचं. पायऱ्या घडवणारे पाथरवट कोण, ते आपल्याला ठाऊक नाही. संशोधनात श्रेय कसं मोजतात, यावर बोलायला ही जागा बरी वाटली.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीवर मी जीवशास्त्राच्या उमेदवारांचे अर्ज पाहत होतो. अर्ज शंभरावर, हातात दोन दिवस. मी सरळ एच-इंडेक्सच्या उतरत्या क्रमाने यादी लावली आणि खालचा गठ्ठा बाजूला ठेवला. तुमच्या १२ निबंधांना प्रत्येकी निदान १२ सायटेशन्स असतील, म्हणजे इतरांनी तितक्यांदा त्यांचा संदर्भ दिला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स १२. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेली ही युक्ती. सोपी आहे, सोयीची आहे. पण खालच्या गठ्ठ्यातला एकही निबंध मी वाचला नव्हता.

ही चूक किती मोठी, ते मला याच शहरातल्या एका कामामुळे कळलं. इथून नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या दक्षिण टोकाला बनारस हिंदू विद्यापीठ आहे. तिथल्या प्राणिशास्त्र विभागात सुभाषचंद्र लखोटिया यांनी कित्येक दशकं फळमाशीच्या एका जनुकाचा पिच्छा पुरवला.

फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत रंगसूत्रं इतकी जाड असतात, की एखादं जनुक जागं झालं की तिथे आलेला फुगवटा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. उष्णता वाढली की ठरावीक जागी फुगवटे उठतात, हे इटलीच्या रितोसांनी १९६२ मध्ये दाखवलं. फळमाशीतली अशीच एक जागा म्हणजे ९३डी. बेंझामाइड दिलं तरी ९३डीचा फुगवटा उठतो, हे लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये नोंदवलं. कुठे? 'ड्रोसोफिला इन्फर्मेशन सर्व्हिस'मध्ये, म्हणजे फळमाशीवाल्यांच्या आपसातल्या वार्तापत्रात.

पुढे कोडं वाढलं. उष्णतेने जागी होणारी इतर जनुकं प्रथिनं बनवत होती. ९३डीचा आरएनए तयार व्हायचा, पण त्याचं प्रथिन सापडेना. लखोटियांनी १९८२ मध्ये 'क्रोमोसोमा'त तसं छापलंही. प्रथिन नाही तर त्या आरएनएचा उपयोग काय, असं विचारण्याचा तो काळ. तरी काम थांबलं नाही. २००० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने 'ओमेगा स्पेकल्स' दाखवले: पेशीकेंद्रातले बारीक ठिपके, ज्यांत हा आरएनए काही प्रथिनांबरोबर असतो. निबंधावर नावं चार: प्रशांत, राजेंद्र, लाल आणि शेवटी लखोटिया. जीवशास्त्रात बहुधा पहिलं नाव प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं. आमच्याकडे पाथरवटाचं नाव निदान पुढे येतं!

१९७० ते २०००, तीस वर्षं. आणि नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर काय पाहतो? मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली. दोन वर्षांच्या फूटपट्टीने तीस वर्षांचं काम मोजायचं कसं? आज प्रथिन न बनवणारा आरएनए हा जीवशास्त्राचा मोठा प्रांत आहे. २०२४ चं वैद्यकाचं नोबेल त्यातल्याच मायक्रोआरएनएला मिळालं.

कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांचंही तसंच. कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेल्या द्रवातही विष असतं, हे त्यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. त्याचं मोल जगाला बऱ्याच उशिरा कळलं. विशेष म्हणजे १९८६ मध्ये हे ठासून सांगितलं ते युजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे सायटेशन इंडेक्सच्या जनकाने. डे १९८५ मध्येच गेले होते.

सायटेशन्स मोजू नका, असं मी म्हणत नाही. निबंध कुणाकुणाच्या कामी आला, हे त्यातून कळतं. पण मोजणं वाचण्याच्या जागी येऊ नये. आता मी प्रत्येक उमेदवाराला विचारतो: तुमचे सर्वांत चांगले तीन निबंध कोणते, आणि त्यांत तुमच्या हातचं काम काय? त्यातला एक तरी मी वाचतो. वेळ लागतो. लागू द्या.

त्या बाजूला ठेवलेल्या गठ्ठ्यात काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.