आवरण : रुग्णसेवेतील न दिसणारे दान



सुवर्णमहोत्सव हा गौरवाचा प्रसंग असतो, तसाच तो हिशेबाचाही असतो. पन्नास वर्षांत काय काय दिले याची नोंद वह्यांमध्ये सापडते; दिलेली वस्तू आज कोणत्या अवस्थेत आहे, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. धर्मादाय संस्था रुग्णालयांना ज्या वस्तू भेट देतात, त्यांत रुग्ण तपासण्याचे टेबल ही नेहमीची वस्तू आहे. आजच्या विवेचनाचा विषय या टेबलाच्या हालत्या भागांवर असावयाचे सुरक्षा आवरण हा आहे. विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याचे बोट त्या फटीत सापडले, त्याला तो आयुष्यभर किरकोळ वाटत नाही.

बीड जिल्ह्यातील श्रोत्यांना यंत्राच्या उघड्या भागाचा धोका निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. कडबाकुट्टीच्या पात्यात किंवा मळणी यंत्राच्या तोंडाशी हात गेलेला मनुष्य ज्याने पाहिला नाही, असे गाव विरळाच. हे अपघात थांबावेत म्हणूनच देशात नियम झाले. 1948 च्या कारखाने कायद्याने यंत्रांच्या फिरत्या भागांना भक्कम कुंपण घालण्याचे बंधन घातले. पुढे 1983 साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला आणि मळणी यंत्र त्याच्या कक्षेत आणले. मळणी यंत्रात पेंढी सरकवण्याची पन्हळ पुरेशी लांब असावी आणि तिचा आतील भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानकाने ठरवून दिले. मागचे तत्त्व अगदी साधे आहे. मनुष्य थकतो, त्याचे लक्ष विचलित होते, त्याच्या हातून चूक होते. ती चूक त्याच्या हाताला भोवू नये, एवढी व्यवस्था यंत्र बनविणाऱ्याने आधीच करून ठेवावी.

हेच तत्त्व रुग्णालयाच्या दारात आल्यावर मात्र विसरले जाते. रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण असल्यामुळे तेथील वस्तू इजा करील, अशी शंकाच मनात येत नाही. पूर्वीचे तपासणी टेबल म्हणजे चार पायांवरची लोखंडी चौकट आणि तिच्यावर रेक्झिनची गादी. त्यात हलणारे काही नव्हते. फार तर डोक्याकडची फळी दात्यांवर उचलली जाई. आजची टेबले पायाने दाबावयाच्या पेडलवर, तेलाच्या दाबावर किंवा विजेच्या मोटारीवर वर-खाली होतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना चढण्या-उतरण्यासाठी ही सोय मोठीच आहे. पण टेबल उचलणारे पाय कात्रीच्या दोन पात्यांसारखे उघडतात आणि मिटतात. टेबल खाली येताना त्या पात्यांमधील जागा आकसत जाते. पाठीची फळी खाली टेकताना बिजागरीपाशी तेच घडते. प्रसूतीच्या टेबलाचा पायाकडील भाग आत सरकतानाही तेच घडते. मोटार हळू चालते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात जी मोटार पूर्ण वाढ झालेल्या मनुष्याचे वजन उचलते, तिला बोटाच्या हाडाचा अडथळा जाणवतही नाही.

टेबलावरील रुग्णाकडे डॉक्टरांचे लक्ष असते. टेबलाच्या खाली कोणाचे लक्ष असते? या जिल्ह्यातील दृश्य डोळ्यांसमोर आणावे. दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेली कुटुंबे हंगाम संपल्यावर परततात आणि महिनोन्‌महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन दवाखान्यात येतात. आईला तपासावयाचे असते आणि मूल सांभाळण्यास घरी कोणी नसते. ते मूल आईच्या पदराला धरून तपासणीच्या खोलीत येते, टेबलाचा पाय धरून उभे राहते किंवा टेबलाखाली जाऊन बसते. 1974 साली स्थापन झालेल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, बीडचे जिल्हा रुग्णालय असो की तालुक्याच्या गावातील खासगी दवाखाना असो, रुग्णासोबत घरातील दोन-चार माणसे येणे हीच येथील रीत आहे. टेबलाच्या कडेवरून लोंबणारा लुगड्याचा पदर, ओढणी, हातातील बांगड्या हे सारे त्या उघड्या सांध्यांच्या आवाक्यात असते. गुडघ्यावर बसून फरशी पुसणारी मावशी तर रोजच टेबलाखाली हात घालते.

हा धोका काल्पनिक नाही. जर्मनीत विजेवर वर-खाली होणाऱ्या उपचार-टेबलांखाली माणसे सापडून मृत्यू घडले. तेव्हा 2004 मध्ये तेथील वैद्यकीय उपकरणांच्या शासकीय संस्थेने अशा टेबलांना अनवधानाने सुरू होण्यापासून रोखणारी व्यवस्था बसविण्याची शिफारस केली. अमेरिकेत रुग्णालयीन खाटांच्या कठड्यांत आणि फटींत अडकण्याच्या 691 घटनांची नोंद 1985 ते 2005 या एकवीस वर्षांत झाली; त्यांपैकी 413 रुग्ण दगावले. त्यानंतर 2006 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने खाटेच्या फटींची मापे सुचविली. फट किती असावी हा प्रश्न तेथे जीवनमरणाचा ठरला.

मापांचे शास्त्रही समजण्यास कठीण नाही. दोन भाग जवळ येऊन थांबतात, तेव्हा त्यांच्यामध्ये बोटासाठी किमान 25 मिलिमीटर, हातासाठी 100, पावलासाठी 120 आणि डोक्यासाठी 300 मिलिमीटर जागा उरली, तर तो अवयव चिरडत नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. दुसरा उपाय म्हणजे फट इतकी अरुंद ठेवणे, की अवयव आत जाऊच नये. मोठ्या माणसाच्या बोटासाठी ही मर्यादा 8 मिलिमीटरची आणि बालकासाठी 4 मिलिमीटरची धरली जाते. हे दोन्ही साधत नसेल, तर तिसरा मार्ग आवरणाचा.

आवरणाचे प्रकारही ओळखून घ्यावेत. स्थिर भागावर पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे झाकण बसते. वर-खाली होणाऱ्या खांबावर एकात एक सरकणाऱ्या डब्यांसारखे आवरण असते. कात्रीसारख्या पायांभोवती लोहाराच्या भात्याप्रमाणे घड्याघड्यांचे आवरण लावतात. ते टेबलाबरोबर उंचावते आणि टेबलाबरोबर मिटते. या भात्यासाठी साधे सुती कापड चालत नाही. ते रक्त आणि औषध शोषून घेते, त्याचे सुटलेले धागे यंत्रात ओढले जातात. लेप दिलेले, पुसता येण्याजोगे घट्ट विणीचे कापड, दुहेरी शिवण आणि आत दुमडलेली कड एवढे तरी त्यास असावेच. कापड कितीही उत्तम असले, तरी ते प्रथम घडीवर विरते, ही गोष्ट कपड्याचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. म्हणून दर काही महिन्यांनी भात्याच्या घड्या उघडून पाहाव्यात आणि घडीवर चीर दिसताच तो बदलावा. याखेरीज पायाच्या पेडलवर टोपीसारखे झाकण असावे, म्हणजे चुकून पाय पडून टेबल सुरू होत नाही.

पुष्कळदा आवरण मुळात असते, पण पहिल्या दुरुस्तीत नाहीसे होते. कारागीर झाकण काढतो, आतील काम करतो, दोन स्क्रू हरवतात आणि झाकण कोपऱ्यात ठेवले जाते. टेबल चालू झालेले असते, म्हणून कोणी विचारत नाही. यावर उपाय एवढाच, की झाकण हत्याराशिवाय निघू नये आणि ते पुन्हा बसल्याखेरीज दुरुस्तीच्या बिलावर सही होऊ नये.

कायद्याची साथही आता आहे. 1 एप्रिल 2020 पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उपकरणामुळे झालेल्या इजेची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै 2015 मध्ये सुरू झाला असून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे अशी घटना कळविता येते. तथापि बोट चिमटले, मलमपट्टी केली आणि विषय संपला, अशीच बहुतेक ठिकाणची रीत आहे. नोंद न झालेल्या अपघातापासून कोणी काही शिकत नाही.

जैन समाजाच्या सेवाकार्यात जयपूर फूटचे स्थान मोठे आहे. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने 1975 साली जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि तिने पाय गमावलेल्या असंख्य लोकांना पुन्हा उभे केले. गमावलेला अवयव देणे हे थोर कार्य आहे. अवयव गमावूच नये अशी तजवीज करणे हे त्याच कार्याचे आधीचे पाऊल होय. चालताना पायाखाली जीव येऊ नये म्हणून जमीन न्याहाळण्याची जी यतना या परंपरेने शिकविली, तीच यतना दान दिलेल्या यंत्राच्या बाबतीतही पाळली जावी, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

यासाठी दात्यांनी तीन गोष्टी कराव्यात. टेबलाचा दर मागविताना हालत्या भागांवरील आवरण आणि पेडलवरील झाकण यांचा लेखी उल्लेख करावा. केवळ सर्वांत कमी दर पाहून निर्णय घेऊ नये. टेबल स्वीकारताना ते पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन प्रत्येक फट तपासावी. त्यासाठी साधी पेन्सिल पुरे; ती सुमारे 7 मिलिमीटर जाडीची असते. मिटत जाणाऱ्या ज्या फटीत पेन्सिल शिरते, ती फट झाकावी. पेन्सिल शिरली नाही म्हणून बालकाचे बोट सुरक्षित आहे असे मात्र समजू नये. मुले येतात तेथे सांधे पूर्णच झाकलेले असावेत. आणि वर्षातून एकदा, संस्थेच्या वार्षिक सभेपूर्वी, पूर्वी दिलेल्या प्रत्येक टेबलाची पाहणी करून आवरण जागेवर असल्याची नोंद वहीत करावी.

दात्याच्या नावाची पाटी टेबलाच्या दर्शनी भागावर लागते आणि ती सर्वांना दिसते. आवरण खाली, अंधारात असते आणि ते पाहण्यासाठी वाकावे लागते. विश्वस्तांनी तेवढे वाकावे, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र.